आधी दहा गुंठे द्या, मग सल्ला

डहाणू तालुक्यातल्या वाणगाव, चिंचणी, बावडा, आसनगाव या पट्ट्यात मिरची हे घरोघरचं पीक आहे. ढोबळी असो की तिखट, पाऊस सरला की रोपं लागतात आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडे चालू राहतात. याच घरांतली मुलं सकाळच्या गाडीने बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीत पाळी धरतात. त्यांतलं एखादं कधीतरी घरी येऊन म्हणतं, “बाबा, नोकरी नको, आपल्या मिरचीचंच काहीतरी करतो. मसाला करतो, विषमुक्त भाजी पिकवतो, थेट मुंबईला विकतो.” बाबांचं उत्तर ठरलेलं असतं: “आम्ही जन्मभर हेच केलं रे. तू तरी सुट यातून.”

त्या उत्तरामागची काळजी खरी आहे. मिरचीचा दर एका आठवड्यात निम्म्यावर आलेला ज्यांनी पाहिला आहे आणि तोडणीची मजुरीही न सुटल्यामुळे उभं पीक सोडून दिलं आहे, त्यांना धीराचे चार शब्द सांगून उपयोग नाही. म्हणून हा लेख मुलांपेक्षा त्यांच्या घरच्यांसाठी, गावकऱ्यांसाठी आणि आसपासच्या नोकरदारांसाठी लिहिला आहे. नव्या उमेदीच्या मुलामुलींचं कुठे अडतं हे पाहिलं, तर योजना, प्रशिक्षणं आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ यांची वाण नाही. अडतं ते जमिनीच्या कागदावर आणि पहिल्या गिऱ्हाइकावर. या दोन्ही गोष्टी मोठ्यांच्या हातात आहेत.

जमिनीपासून सुरुवात करू. सातबारा वडिलांच्या, आजोबांच्या, नाहीतर चार काकांच्या सामाईक नावावर असतो. मुलगा कसतो, पण कागदावर तो कोणीच नसतो. महाराष्ट्रात 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे आणि तो सातबाऱ्यावरच्या खातेदाराला मिळतो. म्हणजे ठिबक, शेडनेट, अवजारं यांपैकी कशासाठीही अर्ज करायचा तर मुलाला वडिलांच्या नावाने करावा लागतो आणि सामाईक क्षेत्र असेल तर सहहिस्सेदारांची संमती आणावी लागते. एक काका मुंबईला, दुसरे रुसलेले. संमतीपत्राची सही मिळेपर्यंत अर्जाची मुदत संपते.

यावर उपाय आहे. सगळ्या जमिनीची वाटणी लगेच करायची गरज नाही. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, मुलाच्या किंवा मुलीच्या हवाली करा आणि तसं लिहून द्या. किती वर्षांसाठी, पाणी कोणत्या विहिरीचं, विजेचं बिल कोण भरणार, विहीर-बोअरची पाळी कशी, हे एका कागदावर येऊ द्या. किमान तीन वर्षं ठेवा. पहिल्या वर्षी चुका होतात, दुसऱ्या वर्षी त्या कळतात आणि तिसऱ्या वर्षी हिशेब लागतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करणार असाल तर तो नोंदणीकृतच लागतो, आणि बँकही तोच मागते. बरेच जण “उद्या कूळ लागेल” या भीतीने कागद टाळतात. कूळकायद्यात मालकाच्या कुटुंबातला माणूस जमीन कसतो म्हणून तो कूळ ठरत नाही. दूरच्या नात्यातला किंवा बाहेरचा मुलगा असेल तर मात्र वकिलाला दाखवून घ्या. आणि ज्यांना वाटणी करायचीच आहे त्यांच्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करण्याची सोय आहे.

डहाणू तालुक्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, तशी पट्ट्यानेही देता येत नाही. तोंडी बोलीवर अशी जमीन घेऊन त्यावर ठिबक आणि शेडनेटचा खर्च करणारा तरुण स्वतःचंही नुकसान करतो आणि जमीनमालकालाही अडचणीत टाकतो. आदिवासी मुलामुलींनी स्वतः उद्योग उभा करायचा असेल तर डहाणूचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ ही दोन दारं आधी ठोठावावीत.

वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली, बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होतं आहे, आणि त्यामुळे जमिनीच्या भावाशिवाय दुसरा विषय नाही असे दिवस या भागात आले आहेत. भाव येईल तेव्हा येईल. तोवर पडीक राहिलेली जमीन कोणाचंच पोट भरत नाही आणि घरातल्या मुलाचा हुरूप तेवढी वर्षं थांबून राहत नाही.

आता त्या दहा गुंठ्यांत काय करायचं? सगळं शेत एका हंगामात “सेंद्रिय” करण्याची घाई मुलांना असते. ती मोठ्यांनी समजुतीने थांबवावी. इथली मिरची फुलकिडे आणि कोळी यांच्या तावडीत लवकर सापडते. त्यातून पानं वर-खाली मुरडतात आणि बोकड्या आला की झाड खुंटतं. रासायनिक फवारणी एकदम सोडली आणि पीक गेलं, तर पुढची दहा वर्षं घरात तो विषय निघत नाही. म्हणून दहा गुंठ्यांवर प्रयोग, बाकीच्या शेतात नेहमीची पद्धत, असं चालू द्या.

प्रयोगाच्या तुकड्याभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी आधी पेरा. मका उंच झाला की शेजारच्या फवाऱ्याचा शिडकावा अडतो आणि उडत येणारी कीडही काही प्रमाणात थांबते. आत निळे आणि पिवळे चिकट सापळे लावा. फुलकिडे निळ्यावर जास्त चिकटतात, पांढरी माशी पिवळ्यावर. सापळा लावून विसरायचं नाही. आठवड्यातून दोनदा त्यावरचे किडे पाहून वहीत लिहायचं. संख्या वाढू लागली की 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी, म्हणजे 5 किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण 100 लिटर पाणी करायचं. ते संध्याकाळी फवारलं तर जास्त लागू पडतं, कारण कडक उन्हात कडुनिंबातला गुण लवकर उतरतो. जमिनीसाठी जीवामृत: एकराला 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दहा गुंठ्यांना याचा चौथा हिस्सा पुरतो. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं आणि आठवडाभरात वापरून टाकायचं.

मल्चिंग पेपरबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पाणी वाचतं, तण कमी होतं, हे खरं. पण हंगाम संपल्यावर तो फाटका पेपर बांधावर पेटवला जातो किंवा ओढ्यात जातो. जी मुलं शाश्वत शेतीचं नाव घेऊन मुंबईच्या गिऱ्हाइकाला माल विकणार, त्यांनी भाताचा पेंढा अंथरावा. या भागात भात आहेच, पेंढा विकत आणावा लागत नाही. आणि सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शेतापर्यंत पोहोचतं त्यांनीही ठिबक करावं. या प्रकल्पाच्या धामणी धरणाच्या पाण्यात आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांचाही वाटा आहे. पाटाला भरपूर पाणी कायम मिळेल असं गृहीत धरून आखलेली शेती पुढे अडचणीत येईल.

यात अडलं तर विचारायला माणसं जवळ आहेत. कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचं कृषी विज्ञान केंद्र आहे आणि पालघरला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र. रोगट फांदी पिशवीत घालून तिथे घेऊन जाणं हे दुकानदाराने सांगितलेली बाटली आणण्यापेक्षा शंभर पटीने शहाणपणाचं आहे. बाटली विकणाऱ्याचा सल्ला फुकट असतो, पण बाटली फुकट नसते.

पाकिटावर “सेंद्रिय” लिहायचं असेल तर नियम आहेत. छोट्या शेतकऱ्यांसाठी सोयीची वाट म्हणजे पीजीएस-इंडिया: किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांची शेतं तपासायची, नोंदी ठेवायच्या. रूपांतराच्या काळात पीजीएस-ग्रीन आणि पुढे पीजीएस-ऑरगॅनिक असा दर्जा मिळतो. गावातले पाच जण जमले तर प्रमाणपत्राचा खर्च नगण्य होतो. नाही जमले तर “आमच्या शेतात ही ही फवारणी केली नाही” एवढंच खरं खरं सांगून विका.

आता प्रक्रियेकडे वळू, कारण बहुतेक मुलांचं स्वप्न तिथे असतं. दर पडले की ओली मिरची मातीमोल होते आणि मसाल्याचं पाकीट वर्षभर विकता येतं, हा विचार बरोबर आहे. चुकतो तो हिशेब. ढोबळी मिरचीचं तिखट होत नाही. त्यासाठी तिखट जातीची, झाडावर पूर्ण लाल झालेली मिरची लागते. 100 किलो ओली लाल मिरची वाळवली की 20 ते 25 किलो सुकी हाती येते. देठं काढली, काळी पडलेली बाजूला केली, कांडपात थोडी उडाली, की आणखी घट. समजा ओली मिरची 40 रुपये किलोने धरली. 100 किलोचे 4000 रुपये झाले आणि हाती 20 किलो पूड आली, तर नुसत्या मिरचीचाच भाव किलोला 200 रुपये पडला. त्यावर वाळवण्याची आणि देठ काढण्याची मजुरी, कांडप, पाकीट, लेबल, गाडीभाडं. मुलगा मोठ्या उत्साहाने 250 रुपये किलोने ऑर्डर घेऊन आला, तर त्याला रागावू नका. वही घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि हे आकडे मांडायला लावा. स्वतःच्या मजुरीचा रकाना त्यात असलाच पाहिजे. “घरचेच हात आहेत” असं म्हणून आईच्या आणि बहिणीच्या कामाचं मोल शून्य धरलेला धंदा टिकत नाही, आणि तो न्यायाचाही नाही.

दुसरी अडचण हवेची. किनाऱ्यालगतची हवा दमट. अंगणात ताडपत्रीवर टाकलेली मिरची वरून कडकडीत वाटते, पण देठाशी ओल राहते आणि डब्यात बुरशी धरते. ती बुरशी साधी नाही. त्यातून अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार होऊ शकतं. अन्नसुरक्षेच्या नियमात सुक्या मिरचीत आणि तिखटात ओलावा 11 टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणून जमिनीपासून उचललेल्या जाळीच्या ट्रे असलेला सोलर ड्रायर हवा, आणि वाळवणाचं सगळं काम वळवाच्या आत संपवायला हवं. घरच्या कसोटीसाठी एक मिरची वाकवून पाहा. ती चामड्यासारखी वळली तर अजून ओली आहे. कट्‌कन मोडली आणि आतलं बी खुळखुळलं तर भरायला हरकत नाही. पण पहिली खेप विकण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावाच. त्या तपासणीचा खर्च एखाद्या काकाने किंवा मामाने उचलला तर तो शंभर आशीर्वादांपेक्षा उपयोगी पडेल.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. अन्न व्यवसायाला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, सर्व करांसह किंमत, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा क्रमांक ही माहिती असावी. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला असल्याने यंत्रं बसवून कारखाना टाकायचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आपला उद्योग कोणत्या वर्गात येतो ते शेड बांधण्याआधी विचारा. वाणगाव या तालुक्यात येतं. शेजारचं बोईसर पालघर तालुक्यात. दोन्हीकडचे नियम एक नाहीत.

कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या हंगामात कर्ज नको. दोनशे पाकिटं घरच्या पैशांवर करा, विका, पैसे परत आले का बघा. मग बँकेची पायरी चढा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे आणि स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात. हे अनुदान रोख हातात पडत नाही. ते बँकेत कर्जखात्याशी बांधून ठेवलं जातं आणि तीन वर्षं खातं सुरळीत राहिलं तर कर्जात वळतं होतं. “35 टक्के फुकट मिळतात” या समजुतीने मोठी यंत्रं घेणाऱ्यांना पहिल्या वर्षाच्या हप्त्यातच घाम फुटतो. प्रकल्प अहवाल करून द्यायला या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचं मानधन योजनेतूनच जातं, तेव्हा दलालाला पैसे द्यायचं कारण नाही. बचत गटातल्या सदस्यांना याच योजनेत बीजभांडवल म्हणून 40 हजार रुपयांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी बचत गटांच्या “उमेद” अभियानाच्या तालुका कार्यालयात जावं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम जिल्हा उद्योग केंद्रातून चालतो, त्यात प्रवर्ग आणि ठिकाणाप्रमाणे 15 ते 35 टक्के अनुदान आहे. अर्ज करण्याआधी योजना चालू आहे का आणि यंदा निधी आहे का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून विचारा.

मिरचीखेरीज चिकूही आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाडा कोलम तांदळाला 2021 मध्ये. बोर्डीला 2013 पासून चिकू महोत्सव भरतो, आणि तिथल्याच हिल झिल वाइन्सने चिकूपासून वाइन करून दाखवली. चिकूची चकती, पूड, लोणचं घरोघर होऊ शकतं. मात्र मानांकनाचं नाव पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. शेजाऱ्याने छापलं म्हणून आपणही छापलं, असं करू नका.

आता गिऱ्हाईक. इथे गावाची आणि बोईसर-तारापूरच्या नोकरदारांची खरी कसोटी आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत शेकडो कारखाने आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची कँटीन रोज मसाला, भाजी, तांदूळ विकत घेतात. तुम्ही अशा कारखान्यात खरेदी विभागात किंवा कँटीन समितीवर असाल तर महिन्याला दहा किलो तिखटाची एक ऑर्डर तीन महिन्यांसाठी गावातल्या मुलीला देऊन पाहा. भाव बाजाराचाच द्या, सवलत नको. फक्त पैसे पंधरा दिवसांत चुकते करा. मोठा व्यापारी नव्वद दिवस थांबू शकतो, पहिल्या वर्षाचा उद्योजक नाही थांबू शकत. उधारीत अडकलेले वीस-पंचवीस हजार रुपये अशा पोरांचा धंदा बुडवतात, आणि बुडाल्यावर सगळे म्हणतात, “शेतीत काही राम नाही.”

16 एप्रिल 2013 पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. त्यामुळे वाणगावहून भाजीची टोपली घेऊन बोरिवली-दादरपर्यंत जाणं सोपं झालं. उपनगरातल्या एका सोसायटीत तुमची बहीण किंवा भाचा राहत असेल, तर त्याला तिथल्या वीस घरांची यादी करायला सांगा: आठवड्याला एक पिशवी, ठरलेला वार, आगाऊ पैसे. वीस घरं बांधली गेली की तोडा किती करायचा हे आदल्या रात्री कळतं आणि माल पडून राहत नाही. नातेवाइकांनी मात्र फुकट मागू नये. घरचा माल म्हणून दोन किलो “चवीला” नेणारे दहा पाहुणे मिळून त्या आठवड्याची कमाई खातात.

मुलींबद्दल दोन शब्द वेगळे. वाळवण, निवडणं, मसाला भाजणं या कामातलं ज्ञान बहुतेक घरांत आजी, आई आणि सुना यांच्याकडेच आहे. तरी उद्योगाच्या नोंदणीवर नाव मुलाचं, बँकखातं मुलाचं आणि कष्ट सुनेचे, असं होतं. काम ज्याचं, नाव त्याचं, हे पहिल्या दिवशी ठरवा. सासरी गेलेली मुलगी परत येऊन काही करू म्हणाली तर तिच्याही दहा गुंठ्यांचा कागद व्हायला हवा. कायद्याने ती वारस आहेच.

अपयश आलं तर काय, हेही आधी बोलून ठेवा. किती रुपये बुडाले की थांबायचं, तो आकडा वडील आणि मुलगा दोघांनी मिळून ठरवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. नोकरी लगेच सोडायची गरज नाही. पाळीची नोकरी आणि दहा गुंठे एक हंगाम सहज सांभाळता येतात. पैसे गेले तर चारचौघांत, लग्नाच्या मांडवात, त्याची टर उडवू नका. एका मुलाची टर उडवली की गावातली आणखी पाच मुलं गप्प बसतात.

हिवाळी मिरचीचं बी गणपतीच्या सुमारास रोपवाटिकेत पडतं. त्याआधी घरात बसून बोला. सातबारा काढा, दहा गुंठे मोजा, तीन वर्षांचा कागद करा, आणि पहिल्या तोड्याची पहिली पाटी बाजारभावाने, रोख पैसे देऊन, तुम्ही स्वतः विकत घ्या.